वितळत्या बर्फाची साक्ष

हवामान बदलाची मोठी अडचण म्हणजे तो डोळ्यांना सहज दिसत नाही. पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तुलनेत एक अंशाहून अधिक वाढले आहे, हे वाचून कोणाची झोप उडत नाही. पहाट आणि दुपार यांच्या तापमानातच दहा अंशांचा फरक असतो. तिथे एका अंशाचे काय एवढे, असे वाटणे स्वाभाविक आहे. आकडा आणि अनुभव यांच्यातील ही दरी माहितीपट बुजवू शकतो का?

‘चेसिंग आइस’ (२०१२) हा तसा प्रयत्न होता. छायाचित्रकार जेम्स बेलॉग यांना एकेकाळी स्वतःलाच हवामान बदलाबद्दल शंका होती. २००७ मध्ये त्यांनी ग्रीनलंड, आइसलंड, अलास्का आणि मोंटाना येथील हिमनद्यांसमोर कॅमेरे रोवले. सौरऊर्जेवर चालणारे हे कॅमेरे दिवसाउजेडी ठरावीक अंतराने छायाचित्रे टिपत. सुरुवातीला थंडी-वाऱ्यात यंत्रणा वारंवार बंद पडली. ती सुधारल्यावर काही वर्षांची छायाचित्रे सलग जोडली गेली आणि हिमनदी मागे सरताना काही सेकंदांत दिसू लागली.

२००८ मध्ये ग्रीनलंडच्या इलुलिसात हिमनदीचा प्रचंड भाग तुटून कोसळताना या चमूने टिपला. ते कोसळणे ७५ मिनिटे चालले. दृश्य अंगावर काटा आणणारे आहे. पण तेवढ्याने तापमानवाढ सिद्ध होत नाही. समुद्राला मिळणाऱ्या हिमनदीचे कडे तुटणे ही नैसर्गिक क्रिया आहे. वरून येणाऱ्या बर्फापेक्षा तुटणारा आणि वितळणारा बर्फ वर्षानुवर्षे जास्त भरला, तर ती चिंतेची बाब. या हिमनदीचे टोक विसाव्या शतकात सुमारे १३ किलोमीटर मागे हटले होते. नंतरच्या केवळ दहा वर्षांत ते सुमारे १४ किलोमीटर मागे गेले. खरा पुरावा हा आहे.

विशेष म्हणजे २०१६ नंतर काही काळ हीच हिमनदी थोडी पुढे सरकली. तिच्या तोंडाशी तुलनेने थंड समुद्रपाणी आले होते, असे ‘नासा’च्या संशोधकांना आढळले. दीर्घकालीन कल आणि मधले चढउतार यांतला हा फरक एका दृश्यात मावत नाही.

माहितीपट पाहून लोक बदलतात का? अल गोर यांच्या ‘ॲन इनकन्व्हिनियंट ट्रूथ’ (२००६) बाबत अमेरिकेत याचा अभ्यास झाला. हा माहितीपट जिथे दाखवला गेला, त्या परिसरात आपल्या कर्बउत्सर्जनाची भरपाई म्हणून स्वेच्छेने पैसे भरण्याचे प्रमाण पुढच्या दोन महिन्यांत तुलनेने ५० टक्क्यांनी वाढले. मात्र वर्षभराने हा परिणाम टिकल्याचे फारसे दिसले नाही. पुढे ब्रिटनमधील न्यायालयाने याच माहितीपटाचा गाभा विज्ञानाला धरून असल्याचे मान्य केले. परंतु नऊ मुद्दे प्रस्थापित शास्त्रीय मतापेक्षा वेगळे असल्याने शाळांत तो मार्गदर्शक टिपणांसह दाखवावा, असे २००७ मध्ये स्पष्ट केले.

शाळा-महाविद्यालयांत माहितीपट दाखवणाऱ्यांना यातून दोन गोष्टी घेता येतील. एक, पडद्यावरचे दृश्य किती वर्षांच्या मोजमापावर उभे आहे, हे आधी पाहावे. दुसरी, दिवे लागल्यावर लगेच उठू नये. अर्धा तास प्रश्नोत्तरांना द्यावा आणि पुढे काय करायचे, ते तिथेच ठरवावे. दृश्याने हललेले मन फार काळ तसे राहत नाही.