दुःखावरचा सिनेमा : लवकर म्हणजे किती लवकर?

मागच्या खेपेला आपण बँक कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोललो होतो. आजचा विषय वेगळा आहे. तुम्हीच तो बैठकांमध्ये काढलात, म्हणून आज त्यावर बोलायचं ठरवलं.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला पर्यटकांवर हल्ला झाला आणि २६ जण मारले गेले. त्यात आपल्या महाराष्ट्रातली माणसंही होती. मे महिन्यात लष्कराने कारवाई केली. ती होऊन चार दिवस उलटायच्या आत त्यावरच्या एका सिनेमाचं पोस्टर मोबाइलवर फिरायला लागलं. लोकांनी टीका केली, तेव्हा दिग्दर्शकाने माफी मागितली. त्या कारवाईचं नाव आपल्या सिनेमासाठी नोंदवून ठेवायला कितीतरी निर्मात्यांची धावपळ चालल्याच्याही बातम्या आल्या. तेव्हा एका गटातल्या मावशी म्हणाल्या, “अगं, त्या बायांच्या घरचं सुतक तरी फिटू द्यायचं!”

मावशींचं बोलणं आम्हाला पटलं. पण मग प्रश्न पडला, किती दिवस थांबायचं? वर्ष? पाच वर्षं? आणि ते ठरवायचं कोणी?

आपल्याकडे दुःखाचा हिशोब असतो. दहा दिवस सुतक, मग दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध. पहिल्या सणाला घरात गोडधोड होत नाही. घरात लग्न ठरलेलं असेल तर वर्षाच्या आत उरकून घ्या, नाहीतर तीन वर्षं थांबा, असंही जुनी माणसं सांगतात. म्हणजे एकच रीत ‘थांबा’ही म्हणते आणि ‘उरकून घ्या’ही म्हणते. आपल्या आज्या जात्यावर बसून गेलेल्या माणसाच्या ओव्या गात होत्या, त्या काही वर्षभर थांबून गात नव्हत्या. दुःख बोलायचंच नाही, असं आपली रीत कधी सांगत नाही. घरच्या माणसाचा मान राखून बोला, एवढंच ती सांगते.

सिनेमालाही हेच लावून बघू. आपल्या सगळ्यांना आठवणारी घटना घेऊ, मुंबईचा हल्ला.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा दहशतवादी समुद्रातून मुंबईत शिरले. छत्रपती शिवाजी टर्मिनस, कामा रुग्णालय, ताज आणि ओबेरॉय हॉटेल, नरिमन हाउस, लिओपोल्ड कॅफे अशा ठिकाणी त्यांनी माणसं मारली. २९ तारखेच्या सकाळी ताजमधली कारवाई संपली. १६६ माणसं गेली. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर यांच्यासारखे अधिकारी गेले. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीजवळ कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली. गोळ्या स्वतःच्या अंगावर झेलल्या, म्हणून कसाब जिवंत सापडला.

हल्ला संपला आणि लगेच त्या वेळचे मुख्यमंत्री ताज हॉटेल बघायला गेले. सोबत सिनेमा दिग्दर्शक राम गोपाल वर्मा होते. ते चित्र टीव्हीवर दिसलं आणि लोक खवळले. माणसांचे अंत्यविधी चालू असताना हे सिनेमाची जागा बघायला आले का, असा सवाल झाला. थोड्याच दिवसांत मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. त्याला इतरही कारणं होती, पण लोकांच्या मनात ते चित्र राहून गेलं. पुढे २०१३ च्या मार्चमध्ये त्याच दिग्दर्शकाचा ‘द अटॅक्स ऑफ २६/११’ आला. नाना पाटेकरांनी त्यात पोलीस अधिकाऱ्याचं काम केलं. तेव्हा तसा गदारोळ झाला नाही. मधल्या काळात खटला चालला होता, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला होता आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये कसाबला फाशी झाली होती.

यावरून कोणी म्हणेल, चार वर्षं पुरे. पण नुसती वर्षं मोजून भागत नाही. कुठलाही असा सिनेमा समोर आला की चार प्रश्न विचारावेत, असं आम्हाला वाटतं.

पहिला प्रश्न : घरच्यांना विचारलं का?

अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ ला चार विमानं पळवली गेली. त्यातल्या एका विमानातले प्रवासी अपहरणकर्त्यांशी झुंजले आणि ते विमान एका माळावर कोसळलं. त्यावर २००६ मध्ये ‘युनायटेड ९३’ नावाचा सिनेमा आला, म्हणजे पाच वर्षंही झाली नव्हती. त्याची झलक बघून न्यूयॉर्कमधले प्रेक्षक इतके अस्वस्थ झाले, की एका चित्रपटगृहाने ती दाखवणं बंद केलं. तरीही सिनेमा आला तेव्हा पुष्कळ कुटुंबं त्याच्या पाठीशी होती. कारण तो करणाऱ्यांनी मृतांच्या घरच्यांशी आधी संपर्क साधला होता, त्यांच्याकडून त्यांच्या माणसाबद्दल ऐकून घेतलं होतं. आपल्याकडेही ताजमध्ये शहीद झालेले मेजर संदीप उन्नीकृष्णन यांच्यावर २०२२ मध्ये ‘मेजर’ आला, तो त्यांच्या आईवडिलांच्या संमतीने.

याची उलट बाजू न्यूझीलंडमध्ये दिसली. तिथे मार्च २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींमध्ये ५१ जणांना मारलं गेलं. दोन वर्षांनी एका सिनेमाची घोषणा झाली आणि त्याच्या मध्यभागी होत्या तिथल्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न. गेलेल्यांच्या समाजाने कडाडून विरोध केला, हजारो लोकांनी सह्या केल्या. खुद्द आर्डर्न यांनी सांगितलं, की हे फार लवकर होतंय आणि सांगायची गोष्ट माझी नाही. एका निर्मातीने काम सोडलं आणि सिनेमा थांबला. त्या बाईंचं दुसरं वाक्य आपण लक्षात ठेवू. गोष्ट कुणाची आहे, हे त्यांना कळलं होतं.

दुसरा प्रश्न : खरं काय ते ठरलं का?

१२ मार्च १९९३ ला मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. त्यावरचा ‘ब्लॅक फ्रायडे’ २००५ च्या जानेवारीत येणार होता. म्हणजे बारा वर्षं होत आली होती. तरी मुंबई उच्च न्यायालयाने तो थांबवला. आरोपींचं म्हणणं होतं, की खटला अजून चालू आहे, निकाल लागायच्या आत पडद्यावर आम्हाला दोषी दाखवलं तर न्याय कसा होणार? विशेष न्यायालयाने निकाल द्यायला सुरुवात केल्यावर, फेब्रुवारी २००७ मध्ये तो सिनेमा लागला. बघा, बारा वर्षंही लवकर ठरू शकतात. सिनेमा एकदा डोळ्यांसमोरून गेला की मनात तेच सत्य होऊन बसतं. कोर्टाचा कागद किती जण वाचतात?

म्हणून सिनेमाच्या सुरुवातीची पाटी वाचायची सवय लावू. ‘सत्य घटनेवर आधारित’ असं लिहिलं, तरी संवाद आणि कितीतरी प्रसंग लेखकाने रचलेले असतात. ‘सत्य घटनेने प्रेरित’ म्हटलं, की बीज तेवढं खरं, बाकी झाड लेखकाचं. ती पाटी झरकन निघून जाते. मुलांना तिथे थांबवून वाचायला सांगा.

तिसरा प्रश्न : पैसा कुणाच्या घरी जातो?

सिनेमा हा धंदा आहे आणि धंदा करण्यात पाप नाही. आपणही पापड विकतो, शेळ्या विकतो. पण ज्याच्या दुःखावर गल्ला भरतो, त्याला काय मिळालं हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. ‘युनायटेड ९३’च्या कंपनीने पहिल्या आठवडाअखेरच्या कमाईतला दहावा हिस्सा त्या प्रवाशांच्या स्मारकाला देऊ केला. माणसं मातीआड होण्याआधी नाव नोंदवायला जो धावतो, त्याची घाई दुःखाची नसते, बाजाराची असते.

चौथा प्रश्न : कोण दिसलं आणि कोण राहिलं?

मुंबई हल्ल्यावरच्या सिनेमांमध्ये ताज हॉटेल पुन्हा पुन्हा दिसतं. घुमट, झुंबरं, धूर. पण पन्नासहून जास्त माणसं रेल्वे स्टेशनवर गेली. ती गावाकडे निघालेली, गाठोडी घेऊन फलाटावर बसलेली साधी माणसं होती. त्याच स्टेशनवर उद्घोषक विष्णू झेंडे माइकवरून प्रवाशांना सुरक्षित वाटेने बाहेर काढत राहिले. कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गरोदर बायांना एका खोलीत लपवून वाचवलं. पुढे त्या न डगमगता कोर्टात साक्षीला उभ्या राहिल्या. हे आपल्या पोरींना ठाऊक असायला नको का? कधी कधी सिनेमा लवकर आला यापेक्षा तो निम्माच आला, हे जास्त खुपतं.

आता दुसरी बाजूही ऐका. उशीर हाही अन्याय असू शकतो.

१९४३ मध्ये बंगालात भयंकर दुष्काळ पडला, लाखो माणसं अन्नावाचून मेली. अण्णाभाऊ साठ्यांनी आपल्या मराठीत त्यावर पोवाडा रचला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४६ मध्ये ‘धरती के लाल’ हा सिनेमा केला. तीनच वर्षं झाली होती, पण कुणी म्हणू शकेल का की थांबायला हवं होतं? ते दुःख जगापुढे येणंच गरजेचं होतं. उलट भोपाळ बघा. डिसेंबर १९८४ मध्ये कारखान्यातून विषारी वायू सुटला, रातोरात हजारो माणसं गेली. ‘भोपाल एक्सप्रेस’ आला १९९९ मध्ये. रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी त्या रात्री काय केलं, ते दाखवणारी ‘द रेल्वे मेन’ ही मालिका आली २०२३ मध्ये. ३९ वर्षांनी! तोवर नुकसानभरपाईचा करार होऊन गेला होता. २०१० मध्ये कंपनीच्या इथल्या अधिकाऱ्यांना फक्त दोन वर्षांची शिक्षा झाली होती. ज्यांनी ती रात्र काढली, त्यांतले कितीतरी जण आपली गोष्ट पडद्यावर बघायला उरले नव्हते. तेव्हा, सरकार आणि कंपनी विसरायला टपलेली असतात तेव्हा लवकर सांगणं हेच पीडितांच्या बाजूने उभं राहणं असतं.

म्हणून आमचं मत असं झालं आहे. माणसाला आठवण देणारा सिनेमा लवकर आला तरी चालेल. माणसाच्या मरणाचा तमाशा करणारा सिनेमा पन्नास वर्षांनी आला तरी तो लवकरच.

आणि हे सगळं काही मुंबई-अमेरिकेपुरतं नाही. आमच्या भागात कांदा लागवडीला जाणाऱ्या मजूर बायांचा टेम्पो उलटला, दोघी गेल्या. महिना व्हायच्या आत काही तरुणांनी मोबाइलवर त्याची शॉर्ट फिल्म केली आणि स्पर्धेला पाठवली. पोरांचा हेतू वाईट नव्हता, मजुरांना धड गाडी मिळत नाही हेच त्यांना दाखवायचं होतं. पण त्यातल्या एकीच्या मुलीने ती बघितली आणि आम्हाला म्हणाली, “माझी आई त्या दिवशी ओरडली नव्हती. ती शेजारणीला धरून बसली होती. मला विचारायचं तरी.” ती फिल्म बंद करा, असं ती म्हणाली नाही. नंतर ती मुलं तिच्या घरी गेली, तिच्याशी बोलली आणि तो प्रसंग तिने सांगितला तसा पुन्हा केला. आज तीच मुलगी ती फिल्म गावोगावच्या बैठकीत दाखवा म्हणते, म्हणजे टेम्पोत माणसं कोंबणाऱ्याला लाज वाटेल.

सिनेमावाल्यांना नावं ठेवताना आपल्या हातातला मोबाइलही बघू. सिनेमाला निदान चार-सहा महिने लागतात. आपण अपघाताचा व्हिडिओ पाच मिनिटांत पुढे पाठवतो. पोलिसांचा पंचनामा होण्याआधी मयताचा चेहरा दहा ग्रुपवर पोचलेला असतो, आणि कधी कधी घरच्यांना बातमीही तिथूनच कळते. मुंबई हल्ल्याच्या वेळी वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या. त्यामुळे जवानांचा जीव धोक्यात आला, असे कडक ताशेरे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात ओढले. घाईने दाखवल्याने जीव जाऊ शकतो, तो असा.

तर पुढच्या बैठकीत, वसुली आणि नोंदी झाल्यावर, एवढं बोला :

• आपल्या गावावर आलेल्या कुठल्या संकटाची गोष्ट सांगायला हवी, आणि ती कुणाच्या तोंडून?

• अपघाताचे, मयताचे फोटो आणि व्हिडिओ गटाच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत, असा ठराव करता येईल का? करून इतिवृत्तात लिहून ठेवा.

• असा सिनेमा घरात लागला, तर लहान मुलांना बसवायचं का? चित्रपटगृहातल्या सिनेमाला वयाचं प्रमाणपत्र असतं. आता त्यात ७, १३ आणि १६ वर्षांचे टप्पेही आहेत. मोबाइलवरच्या मालिकांवर कंपनीनेच वय लिहिलेलं असतं. ते बघून मगच लावा.

• ज्या घरात नुकतं दुःख झालंय, तिथे टीव्हीवर तसलंच काही चालू असेल, तर शेजारीण म्हणून आपण काय करू?

तुमच्या गटात काय बोलणं झालं, ते आम्हाला चिठ्ठीने किंवा फोनवर कळवा. पुढच्या भागात तुमचीच मतं वाचून दाखवू. तोवर काळजी घ्या, एकमेकींना धरून राहा. नमस्कार.