खेळाच्या दुकानातली पाटी

मित्रांनो, फोनवर नवा खेळ शोधताना तुम्ही आधी काय करता बरं? बोटानं सर्रकन यादी वर सरकवता. एक चित्र, दुसरं चित्र, तिसरं चित्र... आणि मध्येच बोट थांबतं. ‘अरे, हा काय खेळ आहे?’

बस्स! बोट थांबलं तर खेळ उघडणार, नाही तर गेला पुढे. तो खेळ बनवायला कुणी दोन वर्षं रात्रंदिवस खपलं असेल, पण यादीत त्याच्या वाट्याला येतं तुमच्या नजरेचं जेमतेम एक क्षण. मोठ्या कंपन्या जाहिरातींवर भरपूर पैसा ओततात. पण एक-दोघांनी मिळून, कुणाच्या पाठबळाशिवाय बनवलेल्या खेळाचं काय? अशा खेळांना ‘इंडी’ म्हणजे स्वतंत्र खेळ म्हणतात. त्यांच्याजवळ असते फक्त दुकानातली आपली पाटी : एक छोटं चित्र आणि चार ओळींचं वर्णन. ही पाटी कशी रंगवायची, याची गंमत आज पाहू या.

नखाएवढं चित्र

गूगलच्या प्ले स्टोअरवर खेळाचा आयकॉन द्यावा लागतो ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा. बनवताना तो संगणकाच्या पडद्यावर छान मोठा दिसतो. मग हौसेनं त्यात डोंगर, नदी, राजवाडा, सहा पात्रं असं सगळं कोंबलं जातं. पण फोनवर तो दिसतो तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढा! मग राजवाड्याचा होतो ठिपका आणि सहा पात्रांची होते खिचडी.

संगणकावर खेळ विकणारं ‘स्टीम’ नावाचं मोठं दुकान आहे. तिथेही खेळाची एक छोटी आडवी चौकट असते. स्टीम खेळ बनवणाऱ्यांना सांगतं, की या चौकटीत खेळाचं नाव जवळजवळ काठोकाठ भरेल एवढं मोठं लिहा, म्हणजे लहान झालं तरी वाचता येईल. आणखी एक नियम १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाला. चौकटीच्या चित्रावर खेळाचं चित्र आणि नाव एवढंच हवं. ‘अमुक बक्षीस मिळालं’, ‘तमुकनं पाच तारे दिले’, ‘निम्मी किंमत’ असे बिल्ले चिकटवायचे नाहीत. गर्दी कमी आणि चित्र स्वच्छ!

काय दिसतं, की काय करायचं?

कोड्याच्या खेळाची अडचण जरा वेगळीच. मोटारींच्या शर्यतीचं चित्र काढणं सोपं : काढा मोटार, उडवा धूळ! पण डोकं चालवण्याचं चित्र कसं काढणार? डोक्याला हात लावून बसलेला मुलगा काढला, तर तो परीक्षेचा पेपर सोडवतोय असंच वाटायचं.

म्हणून हुशार मंडळी खेळाची कृतीच दाखवतात. फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांचा ‘बाबा इज यू’ हा खेळ घ्या. २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅम या स्पर्धेत त्याचं पहिलं रूप जन्मलं आणि २०१९ मध्ये पूर्ण खेळ बाजारात आला. यातले बाबा म्हणजे घरचे बाबा नव्हेत हं! ते आहे सशासारखं दिसणारं एक पांढरं जनावर. गंमत अशी, की या खेळाचे नियम पडद्यावर शब्दांच्या ठोकळ्यांनी लिहिलेले असतात आणि ते ठोकळे ढकलता येतात. ‘भिंत अडवते’ या अर्थाच्या ओळीतला एक शब्द ढकलून बाजूला केला, की भिंत अडवतच नाही! आणि ‘बाबा म्हणजे तू’ हा नियमच खेळाचं नाव आहे. नाव वाचलंत, की खेळाची युक्ती तुमच्या हाती आली. आहे की नाही कमाल?

दुसरं उदाहरण २०१४ मधल्या ‘थ्रीज’ या खेळाचं. १ आणि २ जोडले की ३. मग ३ आणि ३ मिळून ६, ६ आणि ६ मिळून १२. ॲशर वोल्मर आणि ग्रेग वोलवेंड यांनी हा खेळ घडवताना नाना रूपं करून पाहिली. त्यात जपानी सुशी होती, प्राणीही होते. शेवटी ते साध्या आकड्यांवरच आले. आकड्यांच्या पत्त्यांना त्यांनी इवलेसे चेहरे मात्र दिले. पत्ता पाहूनच कळतं, की इथे आकडे जुळवायचे आहेत आणि मामला हसरा आहे! त्याच वर्षी ॲपलनं या खेळाला आपलं डिझाइनचं पारितोषिक दिलं.

ऐंशी चिन्हांत सांगा

आता वर्णन. प्ले स्टोअरवर नावाला ३० आणि छोट्या वर्णनाला ८० चिन्हं मिळतात. मराठीत लिहिताना सांभाळायला हवं, कारण संगणकाच्या युनिकोड पद्धतीत काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘मुंगी’ ही आपल्या लेखी दोनच अक्षरं, संगणकाच्या लेखी पाच चिन्हं!

समजा, तुम्ही ‘मुंगीची साखर’ नावाचा खेळ केलात. मुंगी साखरेचे खडे ढकलते, पण मागे ओढू शकत नाही. (ही जात जुनी आहे. ‘सोकोबान’ हा खोकी ढकलण्याचा जपानी खेळ १९८२ मध्ये आला.) आता ही दोन वर्णनं वाचा :

‘एक अद्भुत, अविस्मरणीय आणि मेंदूला चालना देणारा अनुभव!’

‘साखरेचे खडे ढकला, वाट मोकळी करा, मुंगीला वारुळात न्या. खडा मागे ओढता येत नाही!’

पहिलं वर्णन कुठल्याही खेळाला चिकटवा, चालून जाईल. म्हणूनच ते कुणाचंच नाही. दुसऱ्यात क्रियापदं आहेत : ढकला, करा, न्या. शिवाय कोडं कुठे अडणार तेही कळलं. आणि मोजून पाहा, रिकाम्या जागा धरून ७८ चिन्हं!

खेळातली दृश्यं, म्हणजे स्क्रीनशॉट निवडतानाही एक पथ्य पाळा. सुटलेलं कोडं दाखवू नका, नाही तर मजाच गेली! सुटायला एक-दोन चाली उरल्यात असं दृश्य दाखवा. बघणाऱ्याच्या मनात लगेच येईल, ‘अरे, तो खडा उजवीकडे ढकल ना!’ म्हणजे तो खेळायला लागलासुद्धा.

खोटी पाटी नको

पेढ्याच्या डब्यावर काजूकतलीचं चित्र असेल तर? तुम्ही चिडणारच. खेळांच्या बाबतीतही तसं घडलं आहे. ‘होमस्केप्स’ आणि ‘गार्डनस्केप्स’ या खेळांच्या जाहिरातींत खिळे ओढून सोडवायची कोडी दाखवली होती. प्रत्यक्षात खेळ होते मुख्यतः तीन सारखी चित्रं जुळवण्याचे. लोकांनी तक्रार केली. तशी कोडीही आमच्या खेळात आहेत, असं कंपनीचं म्हणणं होतं. पण ब्रिटनमधल्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनं सप्टेंबर २०२० मध्ये त्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवून पुन्हा दाखवायला मनाई केली.

छोट्या कारागिराला तर असली चलाखी मुळीच परवडत नाही. फसलेला खेळाडू पुन्हा त्याच्या दुकानात पाऊल टाकत नाही, वर चार मित्रांना सांगतो ते वेगळंच! तेव्हा आई-बाबांनो, मुलांसाठी खेळ उतरवताना चकचकीत चित्रापाशीच थांबू नका. आतली दृश्यं पाहा. त्यात प्रत्यक्ष खेळ दिसतोय ना, ते मुलांसोबत बसून तपासा.

करून पाहा

तुमच्या मनातला एक कोड्याचा खेळ ठरवा. तो सागरगोट्यांचा असो की वाघबकरीचा. वहीच्या पानावर पोस्टाच्या तिकिटाएवढा चौकोन आखा आणि त्यात एकच गोष्ट काढा. खाली ८० चिन्हांत वर्णन लिहा, पण ‘सुंदर’, ‘अद्भुत’, ‘मजेदार’ हे शब्द वर्ज्य! मग वही भिंतीला टेकवून ठेवा आणि खेळाबद्दल काहीच ठाऊक नसलेल्या एखाद्या मित्राला चार पावलांवर उभं करा. तीन आकडे मोजा, वही मिटा आणि विचारा, ‘या खेळात काय करायचं असतं?’

त्याचं उत्तर बरोबर आलं, तर तुमची पाटी तयार. चुकलं तर त्याच्याशी वाद घालू नका हं! खोडरबर घ्या आणि चित्रातली एक गोष्ट कमी करा.