संसार सावरणाऱ्यांचे शिक्षण



घरात पतिपत्नींचे पटेनासे झाले की सल्ला देणाऱ्यांस तोटा नसतो. आत्याबाई म्हणतात, "थोडे सोसावे". मामा म्हणतात, "थोडा दरारा ठेवावा". हेतू चांगलाच असतो. परंतु हाड मोडले असता शिकलेला वैद्य शोधणारे आपण, मोडू पाहणारा संसार मात्र कोणाच्याही हाती सोपवितो, हे उचित नव्हे.

ह्या कामासही शिक्षण लागते, हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने फार पूर्वी ओळखले. विवाह-समुपदेशकांस सरकारी परवाना देण्याचा कायदा तेथे १९६३ साली झाला. त्याच राज्यातील पॅसाडेना शहरी फुलर ह्या प्रॉटेस्टंट सेमिनरीने १९६५ साली मानसशास्त्राची शाखा उघडली. तेथे धर्मशास्त्राच्या जोडीने मनाचे शास्त्र शिकविले जाऊ लागले, आणि कालांतराने विवाह व कुटुंब-उपचाराचे शिक्षणही आले.

आज त्या राज्यात हा परवाना मिळविण्यास पदव्युत्तर पदवी, परीक्षा आणि ३,००० तासांचा अनुभव लागतो. त्यांपैकी निदान ५०० तास जोडपी, कुटुंबे वा मुले ह्यांच्यासमवेत काढावे लागतात. हा सर्व काळ उमेदवार अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली असतो.

एवढा काळ शिकावयाचे तरी काय? प्रथम, ऐकणे. दोघांचेही ऐकावयाचे आणि न्यायाधीश व्हावयाचे नाही. दुसरे, एकाच्याच माथी दोष न मारता साऱ्या घराची वीण पाहणे. पोर शाळेत जाईनासे होते, तेव्हा मूळ कधी आईबापांच्या अबोल्यात सापडते. तिसरे, ऐकलेले पोटात ठेवणे. मात्र बालकाचा छळ होत असल्यास अधिकाऱ्यांस कळविणे कायद्याने बंधनकारक असते.

मग प्रार्थना व संस्कार ह्यांचे काय? ती कृपेची साधने आहेतच. परंतु पापनिवेदनाने क्षमा मिळालेल्या मद्यप्याला व्यसनावर उपचारही हवेच असतात. परमगुरू फ्रान्सिस ह्यांनी २०१६ सालच्या 'आमोरिस लेतित्सिया' ह्या पत्रात स्पष्ट म्हटले आहे की कुटुंबांच्या गुंतागुंतीच्या प्रश्नांसाठी लागणारे शिक्षण धर्मगुरूंपाशी पुष्कळदा नसते. म्हणून प्रापंचिकांनाही ह्या कार्यासाठी तयार करावे आणि मानसशास्त्राचे व विवाह-उपचाराचे साहाय्य घ्यावे. जेथे मारहाण आहे, तेथे वेगळे राहणे कधी नैतिक दृष्ट्याही आवश्यक ठरते, असे तेच पत्र सांगते. तेव्हा मार खाणाऱ्या लेकीला "सोस" म्हणून परत धाडणे हा ख्रिस्ती सल्ला नव्हे.

म्हणून सल्लागार निवडताना चार प्रश्न विचारावेत : त्याने हे काम कोठे शिकले? तो दोघांचेही ऐकतो काय? ऐकलेले गावभर होत नाही ना? आणि मार खाणारीस प्रथम सुरक्षित स्थळी नेतो काय? ह्या चारांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तरच आपले घर त्याच्यापुढे उघडावे.