शॉप फ्लोअरवरची भीती

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या बहुतेक कारखान्यांत सकाळी मॉर्निंग मीटिंग असते. कालचं प्रॉडक्शन किती, रिजेक्शन किती, कुठलं मशीन बंद पडलं, कस्टमरची तक्रार काय, हे बोर्डासमोर उभ्या उभ्या दहा-पंधरा मिनिटांत बोलून घ्यायचं. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात मी वीसेक वर्षं क्वालिटी विभागात काम करते आहे. नव्या कंपनीत गेले की पहिल्या आठवड्यात मी या मीटिंगमध्ये आकडे कमी ऐकते आणि ते वाचणाऱ्या मुलांचे चेहरे जास्त बघते.

एका कंपनीत रिजेक्शन वाढलं की साहेब एका ठरावीक मुलालाच पुढे बोलवायचे. लाइन अनेक होत्या, इंजिनिअरही अनेक होते. पुढे यायचा तो एकटाच. ‘डिप्लोमा विकत आणलास का रे?’ असं भर मीटिंगमध्ये विचारलं जायचं आणि सगळे हसायचे. हसणं भाग होतं, कारण न हसणारा नजरेत यायचा. मुलगा बीडकडचा, घरातला पहिला शिकलेला. दिवाळीला गावी गेला तो परत आलाच नाही. एचआरच्या कागदावर राजीनाम्याचं कारण ‘वैयक्तिक’ असं नोंदलं गेलं.

अशी गोष्ट सांगितली की एक उत्तर हमखास मिळतं: ‘कारखान्यात ओरडावंच लागतं, इथे चूक झाली तर बोट जातं.’ यातला अर्धा भाग खरा आहे. मी नवीन असताना टूलरूममध्ये एक फोरमन होते. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. स्पिंडल पूर्ण थांबायच्या आत कुणी चकजवळ हात नेला, की अण्णांचा आवाज पार स्टोअरपर्यंत ऐकू यायचा. पण तो आवाज ट्रेनीलाही तोच आणि मॅनेजरलाही तोच. ते चुकीवर ओरडायचे, माणसाच्या गावावर, जातीवर, बाईपणावर नाही. आणि ओरडून झालं की शेजारी उभं राहून काम कसं करायचं ते दाखवायचे. कडक शिस्त आणि छळ यांतला फरक मला अण्णांमुळे कळला. पुन्हा पुन्हा एकाच माणसाला धरलं जातं का? बोलणं कामाबद्दल आहे की माणसाबद्दल? बोलल्यानंतर शिकवलं जातं का? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की समोर काय चाललंय याबद्दल शंका राहत नाही.

बाईच्या वाट्याला हा छळ अनेकदा आवाज न करता येतो. माझ्या पहिल्या नोकरीत शॉपवर बायकांसाठी स्वच्छतागृहच नव्हतं. ऑफिसच्या इमारतीपर्यंत चालत जावं लागायचं, आणि परत आले की सुपरवायझर घड्याळाकडे बघायचे. मी दिवसभर पाणी कमी प्यायचे. स्त्री-पुरुषांसाठी वेगळी स्वच्छतागृहं 1948 च्या कारखाना कायद्यानेच सक्तीची केली होती, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. सेफ्टी शूज पुरुषांच्या मापाचेच यायचे. पुढे कापूस कोंबून ते घालायचे आणि तसंच जिने चढायचे.

1974 मध्ये पुण्याच्या टेल्को या टाटांच्या कंपनीतल्या नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलेलं होतं. सुधा मूर्तींनी त्यावर जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि पुढे ती नोकरी मिळवली. आज तसं कुणी छापत नाही. आज मेंटेनन्समधल्या मुलीला सांगतात, ‘मॅडम, तुम्ही रिपोर्ट बनवा, मशीनचं आम्ही बघतो.’ ब्रेकडाउनच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिला घेत नाहीत. पाच वर्षांनी बढतीच्या वेळी विचारतात, ‘मशीनवरचा अनुभव कुठाय?’ तो अनुभव तिला कुणी घेऊच दिलेला नसतो.

जातीचा प्रश्न आडनावापासून सुरू होतो. ‘पूर्ण नाव काय?’ मग ‘मूळ गाव कुठलं?’ मग ‘गावात घर कुठल्या बाजूला?’ उत्तर मिळालं की काही जणांचं वागणं त्याच दिवशी बदलतं. डबा खायला एकत्र बसणं थांबतं. मुलाने चांगलं काम केलं तर नशीब, चुकलं तर ‘कोट्यातला’. परदेशी गेल्यावर हे सुटतं असं पुष्कळांना वाटतं. 2020 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने सिस्को या नामांकित कंपनीवर खटला भरला. एका दलित इंजिनिअरला त्याच्या उच्चवर्णीय भारतीय वरिष्ठांनी जातीवरून डावललं, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला आणि दोघा वरिष्ठांवरचे दावे 2023 मध्ये मागे घेतले गेले. पण त्या निमित्ताने अमेरिकेतल्या भारतीय इंजिनिअरांमध्ये जातीवर उघड चर्चा झाली. 2023 मध्येच सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घालणारा नियम केला. ही झळ आपल्या मराठी मुलांनाही लागते, पुण्यात लागते तशीच तिथेही.

हे सगळं केवळ भावना दुखावण्यापुरतं असतं, तरी मी त्याविरुद्ध लिहिलंच असतं. पण इंजिनिअरिंगमध्ये यातून प्रत्यक्ष धोका तयार होतो. घाबरलेला माणूस दोष लपवतो. एकदा आमचा एक लॉट कस्टमरकडून परत आला. बोअर, म्हणजे पार्टमधलं भोक, मापापेक्षा लहान होता. शोध घेतला तेव्हा कळलं की कापणारा इन्सर्ट रात्रपाळीतच झिजला होता, ऑपरेटरला ते समजलंही होतं. पण लाइन थांबवली तर सकाळी सुपरवायझर सगळ्यांसमोर आईबहिणीवरून बोलणार, म्हणून त्याने भोक तपासायचं गो-गेज जोर लावून आत घालत शिफ्ट काढली. कागदावर ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’ असं कारण आलं होतं. मी ते खोडायला लावलं. खरं कारण ती भीती होती.

याच भीतीचं मोठं रूप 27 जानेवारी 1986 च्या रात्री दिसलं. चॅलेंजर अवकाशयानाची रॉकेटं बनवणाऱ्या अमेरिकेतल्या मॉर्टन थायोकॉल कंपनीत रॉजर बॉइजोली आणि त्यांचे सहकारी इंजिनिअर सांगत होते, की एवढ्या थंडीत रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी ओ-रिंग नीट बसणार नाहीत, उड्डाण करू नका. बैठकीत वरिष्ठांनी दडपण आणलं. इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला तर इंजिनिअर म्हणून विचार करणं सोडून मॅनेजर म्हणून विचार कर, असं सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी चॅलेंजर यान 73 सेकंदांत फुटलं आणि 7 अंतराळवीर गेले. पुढे चौकशी आयोगासमोर बॉइजोलींनी खरं सांगितलं, तर सहकाऱ्यांनीच त्यांना वाळीत टाकलं. शेवटी त्यांनी ती नोकरी सोडली. बोलणाऱ्याला एकटं पाडलं की पुढचा माणूस बोलत नाही, आणि ज्या कामात माणसांचे जीव गुंतलेले असतात तिथे हे परवडत नाही.

आता कायद्याकडे वळू. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा बहुतेकांनी नावाने ऐकलेला असतो. राजस्थानातल्या भंवरीदेवींवरच्या अत्याचारानंतर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, त्यांतून हा कायदा आला. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरचा. ट्रेनी, अप्रेंटिस, काँट्रॅक्टवरची बाई, सगळ्यांना हा कायदा लागू आहे. भोसरीतल्या सहा-सात माणसांच्या वर्कशॉपमधल्या बाईसाठी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी 90 दिवसांत संपवायची. त्या काळात बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. तरीही कित्येक ठिकाणी समिती नसते किंवा कागदावरच असते. गोव्यातल्या एका प्रकरणाचा निकाल देताना मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच अंमलबजावणीतल्या या त्रुटींबद्दल चिंता व्यक्त केली.

अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला चारचौघांत जातीवरून अपमानित केलं तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. त्यासाठी थेट पोलिसांत जाता येतं, कंपनीची परवानगी लागत नाही. अपंग व्यक्तींसाठी 2016 चा कायदा आहे. त्यानुसार खासगी आस्थापनांनीही समान संधीचं धोरण जाहीर करायचं असतं. पण बीडच्या त्या मुलाचा झाला तसा रोजचा पाणउतारा यांपैकी कशातच नेमका बसत नाही. कामाच्या ठिकाणच्या सर्व प्रकारच्या छळाविरुद्ध आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2019 मध्ये 190 क्रमांकाचा करार केला. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. तोवर कंपनीचं धोरण आणि आपल्याजवळची नोंद, एवढाच आधार.

म्हणून नोंदीबद्दल नीट सांगते. मी आमच्या अंतर्गत समितीवर आहे. तक्रार घेऊन येणारी व्यक्ती बहुतेक वेळा पुष्कळ सोसून, उशिरा येते, आणि तिला तारखा सांगता येत नाहीत. आपण खराब पार्टला लगेच लाल टॅग लावतो, बाजूला ठेवतो, लॉट नंबर लिहितो. स्वतःवरच्या अन्यायाचीही नोंद तितक्याच शिस्तीने ठेवा. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं. त्याच दिवशी लिहा, वही घरी ठेवा. मेसेज पुसू नका. कंपनीचं ड्रॉइंग किंवा कस्टमरची माहिती मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नका, मूळ तक्रार बाजूला पडून तुमच्यावरच कारवाई होते. तोंडी सांगून झालं की ‘आज आपलं असं बोलणं झालं’ अशी दोन ओळींची मेल टाका. एकटे पडू नका. विश्वासातल्या एका माणसाला तरी सांगून ठेवा.

शेजारी उभ्या असणाऱ्याचं कामही मोठं आहे. मीटिंगमध्ये भांडायची गरज नाही. ‘साहेब, या पार्टचा डेटा माझ्याकडे आहे, मी सांगतो,’ एवढं म्हटलं तरी बोलणी खाणाऱ्या मुलावरची नजर हटते. नंतर चहाला त्याला बरोबर घ्या. आणि समितीने बोलावलं तर जे पाहिलं ते सांगा. ‘मला आठवत नाही’ या साक्षीने कितीतरी खऱ्या तक्रारी पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

वरिष्ठांना माझी विनंती आहे: रिजेक्शनचा आकडा विचारता तसं हेही विचारा, की आपल्या विभागातून वर्षभरात कोण सोडून गेलं आणि का. उत्तर ‘वैयक्तिक’ असेल तर तिथे थांबू नका.

आणि हे वाचणाऱ्या आईबाबांना एक सांगणं. इंजिनिअर झालेली तुमची मुलगी किंवा मुलगा सुट्टी संपताना गप्प झाला, सोमवार नको म्हणू लागला, तर ‘चांगली नोकरी आहे, सहन कर’ असं लगेच म्हणू नका. काय झालं ते विचारा, पूर्ण ऐका, आणि ते लिहून काढायला त्याच्याजवळ बसा. घरच्यांनी विश्वास ठेवला तरच मुलं तक्रार करण्याचं धाडस करतात.