बालकांची मृत्युसंकल्पना आणि ‘देवाघर’ : एक विवेचन

प्रस्तावना

घरात मृत्यू घडला की लहान मुलाला ‘आजोबा देवाघरी गेले’ असे सांगण्याची रीत मराठी कुटुंबांत रूढ आहे. ‘मग परत कधी येणार?’ हा त्यावरचा बालकाचा प्रश्न अजाणतेपणाचा मानून टाळला जातो. वस्तुतः तो तर्काला धरूनच असतो, कारण बाहेर गेलेले माणूस परत येते हाच बालकाचा आजवरचा अनुभव असतो. बालकांचे मृत्युविषयक आकलन आणि मरणोत्तर अस्तित्वाची कल्पना यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मृत्युसंकल्पनेचे घटक

मारिया नॅगी यांचे १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन या विषयात पायाभूत मानले जाते. बुडापेस्ट परिसरातील ३ ते १० वर्षे वयाच्या ३७८ मुलांचा त्यांनी अभ्यास केला. पाच वर्षांखालील मुले मृत्यूला झोप किंवा प्रवास समजतात, त्यानंतरची मुले त्याला व्यक्तिरूप देतात आणि नवव्या वर्षाच्या सुमारास तो अटळ असल्याचे त्यांना उमगते, असे तीन टप्पे त्यांनी मांडले. यांपैकी मृत्यूला व्यक्तिरूप देण्याची प्रवृत्ती पुढील संशोधनात सर्वत्र आढळली नाही.

स्पीस आणि ब्रेंट यांनी १९८४ मध्ये पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा घेऊन या संकल्पनेचे तीन घटक वेगळे केले : मृत्यूनंतर परत येता येत नाही, शरीराची सर्व कार्ये थांबतात आणि प्रत्येक सजीवाला मृत्यू असतो. बहुसंख्य मुलांना हे घटक साधारणतः पाच ते सात वर्षांच्या दरम्यान समजतात. म्हणजेच मृत्यूचे आकलन एकाएकी होत नसून घटकाघटकाने होते.

शरीर थांबते, मन उरते?

जेसी बेरिंग आणि डेव्हिड ब्यॉर्कलुंड यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना बाहुल्यांच्या खेळातून उंदराला मगर खाते असा प्रसंग दाखवला आणि मेलेल्या उंदराविषयी प्रश्न विचारले. त्याला आता अन्नाची गरज नाही, असे सांगणारी मुलेही त्याच्या इच्छा व भावना उरल्या आहेत असे मानण्याकडे झुकत होती. जैविक कार्ये थांबल्याचे मान्य करणे तुलनेने सोपे, मानसिक व्यापार थांबल्याची कल्पना करणे मात्र कठीण, असे यावरून दिसते.

तथापि, मरणोत्तर अस्तित्वाची कल्पना म्हणजे केवळ बालिश अपसमज नव्हे. पॉल हॅरिस आणि मार्ता हिमेनेझ यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्पेनमधील ७ व ११ वर्षांच्या मुलांना मृत्यूची कथा एकदा वैद्यकीय, तर एकदा धार्मिक संदर्भात सांगितली. धार्मिक संदर्भात मृताचे काही व्यापार चालू राहतात असे मुलांनी अधिक प्रमाणात सांगितले आणि हा कल मोठ्या मुलांत अधिक होता. जैविक आकलन पक्के झाल्यावरही श्रद्धेची भाषा त्याच्या शेजारी नांदते, असा याचा अर्थ होतो.

आपल्याकडील संदर्भ

दशक्रियेच्या वेळी पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहिली जाते. तो न शिवल्यास मृताची इच्छा अपुरी राहिली, असे समजून आप्त ती पूर्ण करण्याचे वचन देतात. या विधीत सामील झालेल्या प्रौढांना मृत्यू कळलेला असतो, म्हणूनच ते हा विधी करतात. आजोबांना अजून भूक लागते असा शब्दशः अर्थ त्यांच्या मनात नसतो. चार वर्षांच्या बालकाजवळ मात्र ही दुसरी बाजू नसते. त्याच्या कानी ‘देवाघर’ हे दुसऱ्या एखाद्या गावाचे नाव म्हणूनच पडते. ‘झोपले’ असे सांगितल्यास त्याला स्वतःच्या झोपेचीही भीती वाटू शकते.

समारोप

व्हर्जिनिया स्लॉटर आणि मिशेल लायन्स यांच्या २००३ मधील अभ्यासात, शरीराचे अवयव जीवन कसे टिकवतात हे शिकवल्यावर शाळापूर्व वयातील मुलांचे मृत्यूचे आकलन सुधारल्याचे दिसून आले. म्हणून ‘आजोबांचे शरीर बंद पडले, ते आता श्वास घेत नाहीत, त्यांना दुखत नाही, ते परत येणार नाहीत’ एवढे साध्या शब्दांत प्रथम सांगणे इष्ट ठरते. कुटुंबाची श्रद्धा असल्यास ‘देवाघर’ त्यानंतर यावे. हा क्रम पाळला तर श्रद्धेला बाध येत नाही आणि बालक दाराकडे डोळे लावून बसत नाही.