सकपाळ कुटुंबाचे महूहून दापोलीस स्थलांतर

सकपाळ कुटुंबाचे महूहून दापोलीस झालेले स्थलांतर ही इ.स. १८९४ च्या सुमाराची घटना आहे. ब्रिटिश भारतीय सैन्यातील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे सेवानिवृत्तीनंतर मध्य भारतातील महू छावणी सोडून पत्नी भीमाबाई व मुलाबाळांसह रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली येथे राहावयास आले. त्यांचे सर्वांत धाकटे अपत्य भीमराव, म्हणजेच पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर या नावाने ओळखले गेलेले विधिज्ञ व भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, तेव्हा जेमतेम तीन वर्षांचे होते. कायम वास्तव्याच्या हेतूने आलेले हे कुटुंब दोनएक वर्षांतच दापोली सोडून साताऱ्यास गेले. छावणीत वाढलेल्या अस्पृश्य सैनिक कुटुंबांना निवृत्तीनंतर मूळ मुलखात परतल्यावर कोणत्या परिस्थितीला सामोरे जावे लागे, याचे हे एक चांगले नोंदले गेलेले उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

सकपाळ घराण्याचे मूळ गाव आंबडवे. हे गाव आज मंडणगड तालुक्यात आहे. त्या काळी हा भाग दापोली तालुक्याखाली येत असे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात कोकणातील महार जातीच्या तरुणांची भरती मोठ्या प्रमाणावर होई. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावच्या लढाईत लढलेल्या पलटणीतही महार शिपायांचा भरणा होता. रामजींचे वडील मालोजी हे सैन्यात होते. भीमाबाईंचे माहेर ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे, आणि त्यांचे वडील सुभेदार-मेजर होते. दोन्हीकडून लष्करी पेशा असलेले हे कुटुंब होते आणि घरातील बहुतेकांचे आयुष्य गावाऐवजी पलटणीच्या मुक्कामांवर गेले होते.

गावात महार कुटुंबाचे स्थान वतनी कामांनी आणि स्पर्शबंदीने ठरलेले असे. शिपायाला दरमहा रोख पगार, ठरलेला गणवेश आणि सेवेअंती पेन्शन मिळे, शिवाय गुणवत्तेनुसार हुद्दा चढत असे. त्याहूनही महत्त्वाची सोय शिक्षणाची होती. कंपनीच्या सैन्यात शिपायांना व त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते आणि त्यात मुलीही आल्या. गावच्या शाळेचे दार ज्यांना बंद होते त्यांच्या घरात त्यामुळे एकदोन पिढ्यांतच साक्षरता रुजली. रामजींनी स्वतः पुण्यात लष्करी अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि सुमारे चौदा वर्षे सैन्याच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून काम केले. ते कबीरपंथी होते, जोतीराव फुले यांच्याविषयी त्यांना आदर होता, आणि मुलांच्या अभ्यासावर त्यांचे कडक लक्ष असे.

महू

महू ही इंदूरजवळची छावणी होळकर व इंग्रज यांच्यात १८१८ मध्ये झालेल्या मंदसौरच्या तहानंतर वसली. देशी पलटणींच्या वस्तीला तेथे काळी पलटण म्हणत. त्याच भागात १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. रामजी-भीमाबाईंचे ते चौदावे अपत्य. या चौदांपैकी अनेक मुले लहानपणीच दगावली. पुढे हयात राहिलेल्यांत बाळाराम, आनंदराव आणि भीमराव हे मुलगे व मंजुळा, तुळसा या मुली होत्या.

रामजींची निवृत्ती आणि महारांच्या सैन्यभरतीचा शेवट या गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात, म्हणजे १८८५ ते १८९३ या वर्षांत, 'लढाऊ जाती'च्या कल्पनेने सैन्याची फेररचना झाली आणि १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती बंद करण्यात आली. या निर्णयाविरुद्ध सरकारकडे अर्ज करण्यासाठी रामजींनी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे साहाय्य घेतल्याचे धनंजय कीर यांनी आपल्या आंबेडकरचरित्रात नमूद केले आहे. निवृत्त सुभेदाराच्या दृष्टीने या बंदीचा अर्थ सरळ होता. वडिलांची आणि स्वतःची वाट मुलांसाठी बंद झाली होती. मुलांचे भवितव्य आता केवळ शाळेवर अवलंबून होते, आणि मुलांना सक्तीने शिकवणारी शाळा तर छावणीबरोबरच मागे राहिली होती.

प्रवासाचा मार्ग

त्या काळी महू ते दापोली हा प्रवास तीन टप्प्यांचा असे. महूपासून खांडव्यापर्यंत १८७० च्या दशकात झालेला मीटरगेज लोहमार्ग होता. खांडव्याहून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने मुंबई गाठता येई. मुंबईच्या पुढे कोकणात रेल्वे नव्हती (ती सर्वार्थाने सुरू व्हायला १९९८ साल उजाडले). त्यामुळे किनाऱ्याने जाणाऱ्या आगबोटीने हर्णै बंदर गाठणे ही प्रवाशांची नेहमीची वाट होती. आगबोट खोल पाण्यात थांबे व उतारू होडीतून किनाऱ्याला येत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद राही. हर्णैहून दापोलीपर्यंतचा घाटरस्ता बैलगाडीने किंवा पायी चढावा लागे.

दापोलीतील वास्तव्य

निवृत्तीनंतर रामजींनी आंबडवे गावी न जाता दापोली निवडली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पेशवाई संपल्यानंतर इंग्रजांनी दक्षिण कोकणासाठी लष्करी तळ उभारला तो दापोलीच्या पठारावर. समुद्रापासून जवळ असूनही हवा थंड, आणि भोवती मोकळे माळ. पलटणी कालांतराने हलल्या, तरी 'कॅम्प दापोली' हे नाव आणि पेन्शनरांची वस्ती मागे राहिली. कोकणातील अनेक निवृत्त महार शिपाई, हवालदार व सुभेदार तेथे घर करून राहात. गावगाड्याच्या थेट अंमलाखाली न येणारी, लिहिता-वाचता येणाऱ्यांची आणि दरमहा रोख उत्पन्न असलेली ही वस्ती होती. छावणीतून आलेल्या कुटुंबाला आंबडव्यापेक्षा ती अधिक ओळखीची वाटली असल्यास नवल नाही.

या वस्तीतूनच कोकणातील अस्पृश्यांच्या संघटित चळवळीचा आरंभ झाला. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीस राहिले. त्यांनी 'अनार्य दोष परिहारक मंडळी' ही संस्था स्थापन केली आणि 'सुधारक', 'दीनबंधु' यांसारख्या पत्रांतून अस्पृश्यतेच्या शास्त्राधाराला आव्हान देणारे लेखन केले. सैन्यभरती पुन्हा सुरू करावी, अशी मागणी करणारे निवेदनही त्यांनी १८९४ मध्ये तयार केले. रामजी दापोलीस आले ते याच सुमारास.

शाळेचा प्रश्न मात्र दापोलीतही सुटलेला नव्हता. आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे, म्हणून येथील महार पेन्शनरांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी अर्ज केले होते. सरकारी धोरणानुसार प्रवेश नाकारता येत नव्हता, तेव्हा मुलांना वर्गाबाहेर पडवीत बसवण्याची तोड काढण्यात आली. ज्यांनी सरकारची चाकरी करून हुद्दे मिळवले त्यांची मुले गुरुजींचा आवाज बाहेरून ऐकत शिकणार, असा हा व्यवहार होता. भीमरावांच्या दापोलीतील शिक्षणाबाबत चरित्रकारांत एकवाक्यता नाही. त्यांच्या प्राथमिक शिक्षणाचा आरंभ थोरल्या भावाबरोबर येथेच झाला असे काही जण लिहितात, तर वय लहान असल्याने शाळेत प्रवेश न मिळता घरीच अक्षरओळख झाली असे इतर सांगतात. मुख्याध्यापकाच्या घरातील मुलाच्या बाबतीत या दोन विधानांत फारसे अंतर उरत नाही.

साताऱ्याकडे

१८९६ च्या सुमारास कुटुंबाने दापोली सोडली. आंबेडकरांनी आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या मरणोत्तर प्रकाशित आत्मकथनात या घडामोडीचा अगदी थोडक्यात उल्लेख केला आहे. स्थायिक होण्यासाठी वडिलांनी कुटुंब दापोलीस आणले, पण काही कारणांनी त्यांचा विचार बदलला, एवढेच ते म्हणतात. चरित्रांतून दिसणारे निकटचे कारण नोकरीचे आहे. तुटपुंज्या पेन्शनीवर मोठे कुटुंब चालवणे कठीण होते आणि रामजींना सातारा येथे सरकारी बांधकाम खात्यात काम मिळाले.

साताऱ्यातही त्यांचे घर कॅम्प भागातच होते. तेथे १८९६ मध्येच भीमाबाईंचे निधन झाले आणि मुलांचा सांभाळ आत्या मीराबाई यांच्यावर आला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव सातारच्या सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झाले. हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. शाळेत बसण्यासाठी ते घरून गोणपाटाचा तुकडा नेत. शिपाई नसेल तर पाणी मिळत नसे. गावातील न्हावी हात लावीत नसल्याने मुलांचे केस थोरली बहीण घरीच कापी.

छावणीबाहेरील जगाचा सर्वांत तीव्र अनुभव १९०१ च्या सुमारास आला. रामजी तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर रोखपाल होते. त्यांना भेटावयास भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. पाठवलेले पत्र वडिलांच्या हाती वेळेवर पडले नसल्याने कोणीही घ्यायला आले नव्हते. नीटनेटक्या पोशाखामुळे स्टेशनमास्तरांचा आधी समज वेगळा झाला. जात कळताच त्यांची वागणूक बदलली. एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन, गाडी मुलांनीच हाकावी आणि आपण बाजूने चालत यावे, या अटीवर एक जण निघाला. जवळ जेवण होते, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही, आणि मुलांना रात्र उपाशीपोटी काढावी लागली. अस्पृश्य असल्याने काही बंधने पाळावी लागतात हे आपल्याला आधीही ठाऊक होते, मात्र या प्रवासाने बसलेला धक्का निराळा होता, असे आंबेडकरांनी लिहिले आहे.

१९०४ मध्ये कुटुंब मुंबईस आले. लोअर परळ येथील डबक चाळीत व पुढे परळच्या बी.आय.टी. चाळीत ते राहिले. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाऊ लागले. घरी रामजी त्यांच्याकडून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला करवून घेत. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे मुंबईत निधन झाले.

आडनाव

या स्थलांतरांचा एक ठसा कुटुंबाच्या आडनावात राहिला. कोकणी प्रथेप्रमाणे रामजींनी सकपाळ या आडनावाऐवजी गावावरून 'आंबडवेकर' हे नाव लावले. साताऱ्याच्या शाळेतील कृष्णाजी केशव आंबेडकर या शिक्षकांनी ते सुटसुटीत करून स्वतःचे आडनाव भीमरावांना दिले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे शिक्षकही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातीलच. ज्या गावी कुटुंब कायमचे राहिलेच नाही, त्याची खूण अशा रीतीने सर्वपरिचित झाली.

रत्नागिरी जिल्ह्याशी पुढील संबंध

कुटुंबाचा जिल्ह्याशी संबंध तुटला नाही. १९०६ मध्ये भीमरावांचा विवाह दापोलीजवळच्या वणंद गावच्या रमाबाईंशी झाला. रमाबाईंचे वडील दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहण्याचे काम करीत. १९२९ मध्ये चिपळूण येथील परिषदेत आंबेडकरांनी खोती पद्धतीविरुद्ध भूमिका मांडली आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक सादर केले. कोकणातील जमिनीवर खोतांचा अंमल असल्याने कुळे त्यांच्या आधीन राहात. शेती हाच आधार असलेल्या भूमिहीन किंवा अल्पभूधारक कुटुंबांसाठी हा प्रश्न निकडीचा होता.

सैन्यभरतीचा प्रश्नही सुटावयास दीर्घ काळ लागला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये या मागणीसाठी भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. पहिल्या महायुद्धात उभारलेली महारांची पलटण युद्धानंतर मोडण्यात आली. १९४१ मध्ये महार रेजिमेंटची स्थापना झाली, तेव्हा आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीचे सदस्य होते.

महू येथे जन्मस्थळी भीम जन्मभूमी स्मारक असून आंबडवे येथेही स्मारक आहे. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी आंबडव्याला भेट दिली.