संगणक घ्या, पण पाटी पारखून



बैल घेताना आपण दात पाहतो, चार पावले चालवून पाहतो. संगणक घेताना मात्र दुकानदार देईल तो खोका उचलून घरी येतो. इंदापूर तालुक्यातील एका दूध संकलन केंद्राला हे महागात पडले. पावसाळ्यात वीज कडाडली आणि संगणकाचा मदरबोर्ड जळाला. केंद्र चालविणाऱ्या तरुणाने बाजारात नुकताच आलेला महागडा बोर्ड आणला. त्यावर आपली जुनी लिनक्स प्रणाली टाकली, तर इंटरनेट लागेना. आणि वजनकाट्याची केबल जोडायला बोर्डाला जागाच नव्हती! दूध रोज येत होते, वहीत नोंद होत होती. पण दहा दिवसांचा पगार रखडला. त्या पैशावर ज्या घरचा किराणा चालतो, त्यांनी काय करावे?

मदरबोर्ड म्हणजे संगणकाचे सारे भाग जोडणारी पाटी. प्रोसेसर हे डोके. निरा डाव्या कालव्याचे पाणी जसे फाट्यांतून, चाऱ्यांतून वावरात जाते, तशी डिस्क, यूएसबी, नेटवर्क यांची बरीचशी ये-जा पाटीवरील चिपसेट सांभाळतो.

लिनक्सची सुरुवात लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली केली. ती विनामूल्य मिळते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि बऱ्याच जुन्या संगणकांवर विंडोज ११ बसत नाही. म्हणून अनेकजण लिनक्सकडे वळतात. पण पाटीवरील प्रत्येक चिप ओळखणारा 'ड्रायव्हर' लिनक्समध्ये असावा लागतो. अगदी नव्या चिपचा ड्रायव्हर जुन्या लिनक्समध्ये नसतो. तरुणाची अडचण नेमकी हीच होती.

तेव्हा खरेदीपूर्वी एवढे करावे :

(१) आपले हिशेबाचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालते का, हे ते देणाऱ्यालाच विचारावे. चालत नसेल, तर पुढचा खर्च करू नये.

(२) बाजारात वर्ष-दोन वर्षे रुळलेला बोर्ड घ्यावा. इंटेलचे एच६१०, बी७६० किंवा एएमडीचे ए५२०, बी५५० हे चिपसेट लिनक्सच्या ओळखीचे आहेत. लिनक्स मात्र ताजी आवृत्ती टाकावी.

(३) प्रोसेसर त्याच बोर्डात बसणारा हवा. इंटेल प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' असेल, तर त्याला पडद्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते.

(४) वजनकाटा, फॅट मशीन यांच्यासाठी बोर्डावर कॉम पोर्ट आहे का पाहावे. नसल्यास यूएसबीला जोडणारी केबल मिळते. तीही आधी जोडून पाहावी.

(५) लिनक्स पेनड्राइव्हवरूनही चालते. पैसे देण्यापूर्वी दुकानातच ती चालवून नेटवर्क, आवाज, प्रिंटर तपासावा. बिलावर बोर्डाचे पूर्ण नाव आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्यावी.

(६) अर्थिंग तपासून घ्यावे, यूपीएस लावावा. वीज कडाडू लागली की प्लग काढावा आणि नेटची केबलही काढावी.

त्या तरुणाने दुसरा, रुळलेला बोर्ड बसविला तेव्हा काम सुरळीत झाले. पण दोनदा खर्च झाला आणि गावाचे चार शब्द ऐकावे लागले. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. त्याचे पोळले, निदान आपण तरी आधीच फुंकून प्यावे!